शिक्षक संघटना विरुद्ध सरकार: अमेरिकेत शाळेचं राजकारण कोर्टात का जातं?

२४ ऑगस्ट २०२० रोजी अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात शिक्षकांच्या संघटनेने सरकारविरुद्धचा एक मोठा खटला जिंकला, आणि तरी शाळांच्या वेळापत्रकात फारसा फरक पडला नाही. करोनाचे दिवस होते. राज्याच्या शिक्षण आयुक्तांनी जुलैत आदेश काढला होता की ऑगस्टपासून सगळ्या शाळा आठवड्यातून किमान पाच दिवस प्रत्यक्ष भरल्या पाहिजेत, आणि निधीचं गणितही या आदेशाशी जोडलं होतं. 'फ्लोरिडा एज्युकेशन असोसिएशन' ही संघटना कोर्टात गेली. राज्याच्या घटनेत सरकारी शाळा 'सुरक्षित' असाव्यात असं लिहिलेलं आहे आणि हा आदेश त्यालाच हरताळ फासतो, असं तिचं म्हणणं होतं. न्यायाधीश चार्ल्स डॉडसन यांना ते पटलं. सरकारने लगोलग अपील केलं, निकालाला स्थगिती मिळाली आणि ऑक्टोबरमध्ये वरच्या कोर्टाने निकालच फिरवला. तोवर मुलं वर्गात जाऊन बसलीही होती.

मग संघटनेच्या पदरात पडलं काय? विरोधक म्हणाले, अध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर आहे, रिपब्लिकन गव्हर्नर रॉन डिसँटिस यांची कोंडी करायची होती, दुसरं काही नाही. संघटना म्हणाली, प्रश्न शिक्षकांच्या आणि मुलांच्या जिवाचा होता. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण खटला 'राजकीय' की 'खरा' या वादात आपण अडकलो की मुद्दा हातचा जातो. असे खटले काय साधतात ते बहुतेक वेळा निकालपत्रात सापडत नाही. दावा कोणाच्या नावाने लावला, कोणत्या न्यायाधीशापुढे लावला आणि तारखा पडत होत्या तेव्हा बाहेर काय घडत होतं, हे पाहिलं तर ते कळतं.

आधी यातली मंडळी ओळखून घेऊ. अमेरिकेत शिक्षकांच्या दोन मोठ्या राष्ट्रीय संघटना आहेत. 'नॅशनल एज्युकेशन असोसिएशन', म्हणजे एनईए, १८५७ साली फिलाडेल्फियात स्थापन झाली. आज तिचे सुमारे ३० लाख सभासद आहेत आणि ती देशातली सगळ्यात मोठी कामगार संघटना मानली जाते. दुसरी 'अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्स', म्हणजे एएफटी. ती १९१६ साली शिकागोत सुरू झाली, सभासद सुमारे १८ लाख, आणि त्यांत परिचारिकाही आहेत. दोन्ही संघटना अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवाराला जाहीर पाठिंबा देत आल्या आहेत. त्यात लपवाछपवी काही नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे एक फरक ध्यानात ठेवावा लागेल. आपल्याकडे राज्यघटनेच्या १७१व्या कलमाने शिक्षकांना विधान परिषदेत स्वतःच्या जागा दिल्या आहेत. महाराष्ट्रात ७८ पैकी ७ आमदार शिक्षक मतदारसंघांतून येतात. त्यामुळे अनुदानाचा टप्पा असो की जुनी पेन्शन, संघटनेचं राजकारण 'शिक्षक आमदारा'च्या तोंडून थेट सभागृहात बोलतं. कोर्टबाजी आपल्याकडेही भरपूर चालते, पण ती बहुतेक करून नोकरीच्या प्रश्नांवर: मान्यता, सेवाज्येष्ठता, थकीत वेतन. अमेरिकेत अशी राखीव जागा नाही. तिथे संघटना निवडणुकीत पैसा आणि कार्यकर्ते पुरवतात, स्थानिक शाळा मंडळाच्या निवडणुकीत आपली माणसं निवडून आणायला बघतात. एवढं करूनही विधिमंडळ विरोधी पक्षाच्या हाती गेलं, तर उरतं कोर्ट.

विरोधकांची मुख्य तक्रार हीच आहे की मतपेटीत हरलेली लढाई संघटना कोर्टात पुन्हा लढतात. तक्रार खोटी नाही. फक्त मतपेटीत हरलेल्यांना कोर्टात जाऊ द्यायचं नाही असं ठरवलं असतं, तर नॉरफोकचा खटला उभाच राहिला नसता.

व्हर्जिनिया राज्यातलं नॉरफोक शहर, १९३९ साल. कृष्णवर्णीय शिक्षकांना त्याच कामाचा पगार गोऱ्यांपेक्षा कमी मिळत होता. तोही सरकारी पगारपत्रकानुसार, उघडपणे. अलीन ब्लॅक नावाच्या शिक्षिकेने खटला भरला. शाळा मंडळाने तिचा करार पुढे चालू ठेवला नाही. शिक्षिकाच राहिली नाही म्हटल्यावर खटला कोलमडला. तेव्हा तिथल्या कृष्णवर्णीय शिक्षक संघटनेचे अध्यक्ष मेल्विन ऑल्स्टन पुढे आले. त्यांचा वर्षाचा पगार होता ९२१ डॉलर, त्याच दर्जाच्या गोऱ्या शिक्षकाला मिळत होते १,२०० डॉलर. या वेळी दावेदार म्हणून ऑल्स्टन यांच्याबरोबर संघटनेचंही नाव होतं, आणि वकिलांत होते थर्गुड मार्शल, जे पुढे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले. १९४० मध्ये अपील कोर्टाने रंगावरून पगारात फरक करणं घटनाबाह्य ठरवलं.

हा खटला राजकीय होता का? अर्थातच होता. दक्षिणेतल्या राज्यांत बहुतेक कृष्णवर्णीयांना मतदानच करू दिलं जात नव्हतं, मग विधिमंडळात बहुमत मिळवा असं त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार? संघटनेचं नाव दाव्यावर का हवं, तेही अलीन ब्लॅक यांच्या नोकरीवरून कळतं. एका माणसाला घरी बसवून खटला संपवता येतो, संघटनेला घरी बसवता येत नाही. (जाता जाता एक कडू तपशील. त्या काळी एनईए ही प्रामुख्याने गोऱ्यांची संघटना होती. कृष्णवर्णीय शिक्षकांची राष्ट्रीय संघटना वेगळी होती आणि दोघींचं विलीनीकरण व्हायला १९६६ साल उजाडलं. एएफटीने मात्र शाळांतला वर्णभेद संपवणाऱ्या १९५४च्या 'ब्राउन' खटल्यात वर्णभेदाविरुद्ध कोर्टापुढे आपलं निवेदन दिलं होतं.)

दावा कोणाच्या नावाने?

आपल्याकडे जनहित याचिका ही सवयीची गोष्ट झाली आहे. १९८०च्या दशकापासून आपल्या सुप्रीम कोर्टाने 'लोकस स्टँडी'चा, म्हणजे कोर्टात दावा करण्याचा हक्क कोणाला याचा, नियम सैल केला, त्यामुळे स्वतःचं काही बिघडलेलं नसतानाही समाजाच्या वतीने कोर्टात जाता येतं. अमेरिकेच्या संघीय कोर्टात हे चालत नाही. तुझं स्वतःचं नेमकं काय नुकसान झालं ते दाखव, मगच बोल, असा तिथला खाक्या आहे. राज्यांच्या कोर्टांचे नियम थोडे वेगळे असतात, पण धाटणी तीच.

म्हणून तिथे खटल्याआधी मोठं काम असतं ते योग्य दावेदार शोधण्याचं. शिक्षक संघटना पालकांना पुढे करतात, कारण 'माझ्या मुलाच्या शाळेचा पैसा गेला' हे वाक्य 'आमचे सभासद कमी झाले' या वाक्यापेक्षा कोर्टात आणि टीव्हीवर जास्त भाव खातं. संघटनांचे विरोधकही नेमकं हेच करतात, आणि माझ्या मते जास्त कौशल्याने करतात.

कॅलिफोर्नियाचा 'व्हर्गारा' खटला घ्या. २०१२ मध्ये नऊ विद्यार्थ्यांच्या नावाने दावा लागला की शिक्षकांना सुमारे दोन वर्षांत मिळणारी कायम नोकरी, त्यांना काढून टाकण्याची किचकट पद्धत आणि कपातीच्या वेळी 'शेवटी आला तो आधी जाणार' हा नियम, यांमुळे गरीब मुलांच्या वाट्याला कुचकामी शिक्षक येतात. मुलांच्या मागे उभी होती सिलिकॉन व्हॅलीतले उद्योजक डेव्हिड वेल्च यांनी स्थापलेली संस्था, आणि वकील देशातले नामांकित. दावा सरकारविरुद्ध होता. शिक्षक संघटनांना हस्तक्षेप अर्ज करून बचावात शिरावं लागलं. २०१४ मध्ये न्यायाधीश रॉल्फ ट्रू यांनी ते सगळे कायदे घटनाबाह्य ठरवले. २०१६ मध्ये अपील कोर्टाने तो निकाल उलटवला आणि राज्याच्या सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध तीन मतांनी प्रकरण हाती घ्यायला नकार दिला. निकालाच्या हिशेबाने संघटना जिंकल्या. पण मधल्या दोन वर्षांत देशभरच्या वर्तमानपत्रांत 'कायम नोकरी म्हणजे निकम्म्या शिक्षकांची ढाल' ही चर्चा इतकी रंगली की ते नुकसान कुठल्याच अपिलात भरून निघालं नाही.

त्याहून मोठा घाव वर्गणीच्या खटल्याने घातला. हे प्रकरण जरा सावकाश समजून घ्यायला हवं.

अमेरिकेत एका शाळा मंडळातल्या शिक्षकांनी एकदा संघटना निवडली, की पगाराचा करार ती सगळ्यांच्या वतीने करते, सभासद असो वा नसो. मग सभासद नसलेल्याने फुकटचा फायदा का घ्यावा, म्हणून वीसहून अधिक राज्यांत कायद्याने मुभा होती की सभासद नसलेल्यांकडूनही काही रक्कम पगारातून कापावी. १९७७ मध्ये डेट्रॉइटच्या शिक्षकांच्या 'अबूड' खटल्यात सुप्रीम कोर्टाने मधला मार्ग काढला. वाटाघाटींच्या खर्चापुरते पैसे घ्या, राजकारणासाठी घेऊ नका. चाळीस वर्षं या तोडग्यावर गाडी चालली. पण सरकारी नोकराचा पगार म्हणजे सरकारी खर्च, आणि सरकारी खर्चाबद्दलची वाटाघाट म्हणजे राजकारणच, मग ही रेघ ओढायची कुठे, हा प्रश्न कायम राहिला.

कॅलिफोर्नियातल्या शिक्षिका रेबेका फ्रेडरिक्स यांच्या नावाने लावलेल्या दाव्यात वकिलांनी एक धीट चाल खेळली. खालच्या कोर्टांना त्यांनीच सांगितलं की 'अबूड' असेपर्यंत तुम्ही आम्हाला हरवणारच, तर लवकर हरवा. ना साक्षी, ना पुरावे, थेट वॉशिंग्टन. जानेवारी २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टात सुनावणी झाली, संघटना हरणार असं सगळे धरून चालले होते. १३ फेब्रुवारीला न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांचं निधन झालं. मार्चमध्ये निकाल आला चार विरुद्ध चार, म्हणजे जैसे थे. एका माणसाच्या मृत्यूने शिक्षक संघटनांना दोन वर्षं मिळाली.

दुसरा खटला रांगेत होताच. इलिनॉयचे रिपब्लिकन गव्हर्नर ब्रूस राउनर यांनी २०१५ मध्ये स्वतःच दावा लावला होता. कोर्टाने त्यांना विचारलं, तुमच्या पगारातून काही कापलं जातं का? नाही? मग तुम्हाला दावा करण्याचा हक्क नाही. गव्हर्नर बाहेर, आणि त्यांच्या जागी मार्क जेनस हा राज्य सरकारचा एक कर्मचारी आत आला, ज्याच्या पगारातून महिन्याला सुमारे ४५ डॉलर जात होते. त्याचा शिक्षकीशी काही संबंध नव्हता आणि त्याची संघटनाही शिक्षकांची नव्हती. पण २७ जून २०१८ रोजी सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी 'अबूड' रद्द केला, तो देशातल्या सगळ्याच सरकारी कर्मचाऱ्यांसाठी. संमती नसेल तर एक डॉलरही कापायचा नाही. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी आपल्या विरोधी निकालपत्रात म्हटलं की बहुमताने अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या तरतुदीचं हत्यार केलं आहे.

म्हणजे अमेरिकेच्या शिक्षक संघटनांच्या इतिहासात कोर्टाचा सर्वांत परिणामकारक राजकीय वापर त्यांनी केलेला नाही. तो त्यांच्याविरुद्ध झाला. हे सांगितलं की संघटनांचे टीकाकार गप्प होतात आणि समर्थक खूश होतात. म्हणून समर्थकांनाही न आवडणारी एक गोष्ट सांगतो. २०२१ मध्ये ऱ्होड आयलंडमध्ये एका आईने मुलीच्या शाळेत वंशवादाबद्दल काय शिकवतात हे जाणून घेण्यासाठी माहितीच्या अर्जांचा सपाटा लावला. त्यांची संख्या दोनशेच्या घरात गेली. एनईएच्या राज्य शाखेने शिक्षकांची खासगी माहिती उघड होऊ नये म्हणून दावा लावला आणि प्रतिवादींत शाळा समितीबरोबर त्या आईलाही ओढलं. शिक्षकांच्या खासगीपणाचा मुद्दा रास्त असेल, पण माहिती देणारी शाळा समिती होती, आई नव्हे. माहितीच्या अधिकारात अर्ज केला म्हणून एखाद्या पालकावर समन्स आलं तर इथे आपण काय म्हणालो असतो? मला त्या दाव्याचं समर्थन करता येत नाही.

जिंकून हरणं

खासगी शाळेची फी सरकारने भरावी की नाही, या प्रश्नावर संघटनांनी सगळ्यात जास्त कोर्टबाजी केली आहे. याला तिथे 'व्हाउचर' म्हणतात. संघटनांचं म्हणणं की सरकारी शाळांचा पैसा अशाने खासगी, बहुतेक करून चर्चच्या शाळांकडे वाहतो. समर्थकांचं म्हणणं की गरीब मुलाला नापास शाळेत डांबून ठेवायचं का?

२००२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ओहायोतल्या क्लीव्हलँडची व्हाउचर योजना पाच विरुद्ध चार मतांनी वैध ठरवली. देशाच्या घटनेचा दरवाजा तिथेच बंद झाला. मग संघटना राज्यांच्या घटनांकडे वळल्या. अमेरिकेत प्रत्येक राज्याची स्वतःची घटना असते आणि बहुतेकींत सरकारी शाळांबद्दल एखादं कलम असतं. फ्लोरिडाच्या घटनेत १९९८ मध्ये मतदारांनी हे कलम भक्कम केलं होतं: मोफत सरकारी शाळांची व्यवस्था 'एकसमान, कार्यक्षम, सुरक्षित' आणि उच्च दर्जाची असली पाहिजे. त्यातल्या 'सुरक्षित'वर करोनाच्या काळातला खटला उभा होता. त्याआधी 'एकसमान' या एका शब्दावर याहून मोठी लढाई झाली.

गव्हर्नर जेब बुश यांनी १९९९ मध्ये व्हाउचर योजना आणली. सतत नापास ठरणाऱ्या सरकारी शाळेतल्या मुलाला खासगी शाळेत जायला सरकारी पैसा. त्याच वर्षी फ्लोरिडाची शिक्षक संघटना इतरांसोबत कोर्टात गेली. जानेवारी २००६ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध दोन मतांनी योजना रद्द केली. कारण असं दिलं की सरकारी पैशाने चालणारी, पण सरकारी नियम न लागणारी समांतर व्यवस्था 'एकसमान' असू शकत नाही. दणदणीत विजय. त्या वेळी योजनेत मुलं किती होती? सुमारे सातशे.

पण २००१ मध्येच सरकारने शेजारून दुसरी वाट काढून ठेवली होती. कंपनीने शिष्यवृत्तीच्या संस्थेला देणगी द्यायची आणि तेवढा कर सरकारने माफ करायचा. पैसा तिजोरीत आलाच नाही, मग तो सरकारी कसा? २०१४ मध्ये संघटनेने या योजनेविरुद्धही दावा लावला. तोवर तिच्यात जवळपास ७० हजार मुलं होती, बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक घरांतली. जानेवारी २०१६ मध्ये राजधानी टॅलाहासीत हजारो लोकांनी मोर्चा काढला, 'खटला मागे घ्या' म्हणून, आणि त्यात होते मार्टिन ल्यूथर किंग तिसरे, म्हणजे डॉ. किंग यांचे चिरंजीव. संघटनेच्या दाव्यात कृष्णवर्णीयांची जुनी संस्था एनएएसीपी सहभागी, आणि रस्त्यावर किंग यांचा मुलगा विरुद्ध बाजूला. योजना चांगली की वाईट यावर कोर्टात चर्चाच झाली नाही. तुमचं नुकसान दाखवा, या एका प्रश्नावर दावा फेटाळला गेला आणि जानेवारी २०१७ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने त्यात लक्ष घालायला नकार दिला.

२०१९ च्या जानेवारीत नवे गव्हर्नर डिसँटिस यांनी राज्याच्या सुप्रीम कोर्टात तीन नवे न्यायाधीश नेमले. त्याच वर्षी थेट सरकारी पैशाची नवी व्हाउचर योजना मंजूर झाली, म्हणजे २००६च्या निकालाने बंद केलेलीच वाट पुन्हा उघडली. २०२३ पासून तर उत्पन्नाची अटही गेली, शाळेच्या वयाच्या कुठल्याही मुलाला पात्रता. सातशे मुलांची योजना बंद पाडणारा विजय सतरा वर्षांत असा पुसला गेला. विधिमंडळ आणि गव्हर्नर दोन्ही विरोधात असतील तर कोर्टातला विजय हा उसना घेतलेला वेळ असतो, यापेक्षा जास्त काही नाही.

तरी वेळ ही लहान गोष्ट नव्हे. सरकारं बदलतात. एएफटीच्या अध्यक्ष रँडी वाइनगार्टन यांनी २०१९ मध्ये तेव्हाच्या शिक्षणमंत्री बेट्सी डिव्हॉस यांच्यावर भरलेला खटला पाहा. २००७ पासून एक योजना होती: सार्वजनिक सेवेत दहा वर्षं नोकरी आणि नियमित हप्ते, की शैक्षणिक कर्जातला उरलेला भाग माफ. शिक्षकांसाठी हा मोठा आधार. पण माफीची वेळ आल्यावर शंभरातले ९९ अर्ज नामंजूर होऊ लागले. खटला ट्रम्प यांच्या काळात लागला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये बायडेन सरकारशी तडजोड होऊन संपला. नामंजूर झालेले अर्ज पुन्हा तपासायचं सरकारने कबूल केलं. यावरही टीका होते, की विरोधी सरकारवर दावा ठोकायचा, आपलं सरकार येईपर्यंत तो जिवंत ठेवायचा आणि मग टेबलाच्या दोन्ही बाजूंना आपलीच माणसं बसवून सही करायची. या प्रकरणात मला ती टीका लागू पडत नाही, कारण शंभरात ९९ नकार हा आकडाच बोलका आहे. पण तडजोडीत विधिमंडळाचं मत घेतलं जात नाही, हा आक्षेप सर्वसाधारणपणे खोटा म्हणता येत नाही.

वेळ नेहमीच संघटनेच्या बाजूने धावतो असंही नाही. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्याने शाळांवर परीक्षांचं ओझं लादलं पण पुरेसे पैसे दिले नाहीत, म्हणून एनईएने काही शाळा मंडळांसह २००५ मध्ये दावा लावला. तो फेटाळला गेला, मग अपिलात जिवंत झाला, मग अपील कोर्टाच्या पूर्ण पीठापुढे आठ विरुद्ध आठ अशी बरोबरी झाली आणि २०१० मध्ये संपला. हाती काही नाही.

न्यायाधीश कोण?

विस्कॉन्सिनमध्ये खेळ आणखी उघडा आहे, कारण तिथे राज्याच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश लोक मतदानाने निवडतात. कागदोपत्री ही निवडणूक पक्षविरहित. २०११ मध्ये गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी 'ॲक्ट १०' नावाचा कायदा आणला. शिक्षकांना आता वाटाघाट करता येणार फक्त मूळ पगारावर, तीही महागाईच्या मर्यादेत. पगारातून वर्गणी कापणं बंद. आणि दर वर्षी संघटनेला मान्यतेसाठी मतदान, ज्यात मत न देणाराही विरोधात धरला जाणार. पोलीस आणि अग्निशमन दल मात्र वगळलेले. राज्यातल्या मोठ्या शिक्षक संघटनेचे सभासद काही वर्षांत निम्म्याहून कमी झाले. संघटना संघीय कोर्टात हरल्या, आणि २०१४ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टातही पाच विरुद्ध दोन.

मग २०२३ च्या एप्रिलमध्ये जॅनेट प्रोटासिविच निवडून आल्या आणि कोर्टात उदारमतवादी बहुमत आलं. नोव्हेंबरमध्ये, म्हणजे त्यांनी पद घेतल्याला काही महिने होतात न होतात तोच, संघटनांनी ॲक्ट १० विरुद्ध नवा दावा लावला. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायाधीश जेकब फ्रॉस्ट यांनी कायद्याचा मोठा भाग रद्द केला. काही सुरक्षा कर्मचाऱ्यांना सवलत आणि तशाच दुसऱ्यांना नाही, याला काही तर्क नाही, असं त्यांचं कारण. निकालाला स्थगिती मिळाली आणि प्रकरण अपिलात गेलं. आता कोर्टाची रचना पाहा. न्यायमूर्ती ब्रायन हेगडॉर्न यांनी स्वतःला बाजूला केलं, कारण वॉकर यांचे वकील असताना त्यांनी याच कायद्याच्या मसुद्यावर काम केलं होतं. आणि प्रोटासिविच यांनी त्या कायद्याविरुद्धच्या मोर्च्यात भाग घेतला होता. २०२५ मध्ये याच कोर्टाच्या एका जागेच्या निवडणुकीत दोन्ही बाजूंनी मिळून सुमारे १० कोटी डॉलर ओतले गेले. एवढा पैसा लागला असताना दावा कधी लावायचा हे कोणी कायद्याची पुस्तकं बघून ठरवत असेल, असं मानायला मी तयार नाही.

२०२५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प परत आले आणि संघटना आठवड्यांत कोर्टात पोहोचल्या. १४ फेब्रुवारीला शिक्षण विभागाने शाळांना पत्र पाठवलं की वंशाचा विचार करणारे विविधता-समावेशकतेचे उपक्रम बंद करा, नाहीतर संघीय निधी धोक्यात. एएफटीने मेरीलँडमध्ये दावा लावला, एनईएने न्यू हॅम्पशायरमध्ये. दावा लावायला जागा निवडण्याचा हा खेळ रिपब्लिकनांनी बायडेन यांच्या काळात टेक्सासमध्ये मनसोक्त खेळला होता. २४ एप्रिलला दोन्ही कोर्टांनी, एकाच दिवशी, पत्राची अंमलबजावणी रोखली आणि ऑगस्टमध्ये मेरीलँडच्या न्यायाधीश स्टेफनी गॅलाघर यांनी ते रद्दच केलं. शिक्षण विभागातल्या मोठ्या नोकरकपातीविरुद्ध मात्र उलटं झालं. एएफटीसह इतरांनी मे महिन्यात बोस्टनमध्ये स्थगिती मिळवली आणि १४ जुलैला सुप्रीम कोर्टाने ती बाजूला सारली. कपात पुढे गेली. मूळ खटला चालू राहिला, पण घरी गेलेल्या कर्मचाऱ्यांना त्याचा उपयोग काय.

न्यू हॅम्पशायरच्या आदेशातला एक बारकावा बातम्यांत मागे पडला. न्यायाधीश लँडिया मॅककॅफर्टी यांनी तो देशभर सरसकट लागू केला नाही. दावा करणाऱ्या संस्था, त्यांचे सभासद, आणि त्या सभासदांना नोकरीवर ठेवणाऱ्या किंवा काम देणाऱ्या संस्था, एवढ्यांपुरताच तो ठेवला. म्हणजे ज्या शाळेत एनईएचा एक जरी सभासद शिकवतो, तिला संरक्षण. दोनच महिन्यांनी, २७ जून २०२५ रोजी, सुप्रीम कोर्टाने दुसऱ्या एका प्रकरणात देशव्यापी मनाई आदेशांवर मर्यादा घातली, आणि कोर्टाचा दिलासा दावेदारापुरताच राहावा हे तत्त्व आणखी घट्ट झालं.

आता हे जेनसच्या निकालाशेजारी ठेवून बघा. २०१८ मध्ये कोर्टाने सांगितलं की कोणालाही संघटनेचे पैसे भरायला भाग पाडता येणार नाही, आणि सभासद होण्याचं एक मोठं कारण गेलं. २०२५ मध्ये कोर्टाच्या आदेशाची छत्री त्याच शाळांवर आली जिथे संघटनेचा कोणीतरी सभासद होता. ३० लाख सभासद देशभर पसरलेल्या संघटनेसाठी ही मर्यादा जवळपास मर्यादाच नाही, आणि छोट्या संस्थांपेक्षा तिचं वजन आपोआप वाढतं. वर्गणी मागायला शिक्षकांच्या खोलीत जाणाऱ्या कार्यकर्त्याकडे पगाराच्या करारापलीकडे आता हाही एक मुद्दा आहे.